खरेदीहक्क आणि तिसरा आग्रह

आमच्या गावात करार वाचणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे मी! बाकीचे लोक शेवटचं पान उघडतात, सही ठोकतात आणि जेवायला घरी जातात. मी पहिल्या ओळीपासून सुरुवात करतो आणि बारीक अक्षरातला मजकूर दोनदा वाचतो. धान्याच्या कोठारावर माझी नोकरी. तिथे कुणाचं विम्याचं अडलं, कुणाचं ट्रॅक्टरच्या हप्त्याचं अडलं, की लोक म्हणतात, "व्हर्लिन टॉलफ्सरुडला विचारा, त्याला सगळी कलमं पाठ असतात." तेव्हा माझ्या स्वतःच्याच घराच्या बाबतीत माझी फजिती होईल असं तुम्हाला वाटायचं काही कारण नाही. मलाही वाटलं नव्हतं.

त्या काळात बँकांचे व्याजदर असे भडकले होते की कर्जाचं नाव काढलं तरी बँकेचा मॅनेजर पाणी मागायचा. त्यामुळे मिनेसोटात, आमच्या बाजूला, बऱ्याच जणांनी घरं घेतली ती भाड्याने, पण पुढे विकत घ्यायचा हक्क राखून. मीही तसंच केलं. या हक्कासाठी सुरुवातीलाच वेगळी रक्कम मोजली. किंमत तेव्हाच ठरली. मार्च संपेपर्यंत मी म्हणेन तेव्हा घर त्याच किमतीला माझं, तोपर्यंत मालकिणीने दुसऱ्या कुणाला विकायचं नाही, आणि मी नाहीच घेतलं तर माझ्यावर सक्ती नाही. अटी दोनच. भाडं वेळेवर हवं, आणि घर घेतोय अशी लेखी नोटीस भाडेकरूने किंवा त्याच्या वतीने कुणीतरी मालकिणीच्या हातात द्यायला हवी. भाडं मी कधी चुकवलं नव्हतं. नोटीस देणं म्हणजे काय, हात पुढे करायचा! लहान मूलही करील.

मालकीणबाई म्हणजे आर्डिस क्वामे. सत्तरी ओलांडलेल्या, समोरच्याच घरात एकट्या राहायच्या. बाई सोन्यासारखी. आणि घर घ्यायचंच होतं ते माझ्या बायकोसाठी, मार्लिससाठी. तिचे वडील रेल्वेत. सगळं बालपण या गावची भाड्याची खोली, त्या गावची भाड्याची खोली. भिंतीत खिळा ठोकायचा तरी आधी मालकाला विचारायचं! लग्नात मी तिला म्हणालो होतो, "मार्लिस, तुला हवे तिथे खिळे ठोक, अशी भिंत तुला देईन." स्वयंपाकघरातली कपाटं मी स्वतःच्या हाताने केली होती, मागच्या अंगणात तिने लायलकचं फुलझाड लावलं होतं. ते घर गेलं असतं तर ती एक शब्द बोलली नसती, आणि तेच मला सहन झालं नसतं.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मी नोटीस टाईप केली, सही केली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

"अर्ध्या तासात येतो," मी म्हणालो.

"नीट बोल हं," मार्लिस म्हणाली.

"बोलायचंय काय त्यात? कागद द्यायचा नि यायचं!"

आता इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही मला वेड्यात काढाल. आमच्याकडे कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा "नको" म्हणायचं. दुसऱ्यांदा "उगाच कशाला त्रास" म्हणायचं. तिसऱ्यांदा आग्रह झाला की "बरं, आता तुम्ही इतकं म्हणताय तर," असं म्हणून घ्यायचं. पहिल्याच फटक्यात हो म्हणणारा तो हावरट. आणि कुणी विचारायच्या आत आपणहून मागणारा? असा माणूस आमच्या गावात एकच झाला. त्याला पुढे शेजारच्या राज्यात, आयोवात, राहायला जावं लागलं.

तर आर्डिसबाईंकडे गेलो. आधी थंडीवर बोललो. मग कुणाची गाडी बर्फात अडकली त्यावर बोललो. कॉफी दोनदा नाकारून घेतली. लिंबाच्या वड्या दोनदा नाकारून घेतल्या. सगळं रीतसर. मग बाईंनी स्वतःच विषय काढला!

"मग, घराचं काय रे व्हर्लिन? मार्च येतोय. घेताय ना तुम्ही?"

माझ्या मनात अशा उकळ्या फुटल्या म्हणून सांगू! पण चेहरा पाटासारखा कोरा ठेवला.

"छे छे, त्याचं काय एवढं," मी म्हणालो. "आहोत तसे बरे आहोत आम्ही."

"नाही, पण खरंच विचारते. घर तुम्हालाच मिळावं असं माझ्या मनात आहे."

"तुम्हाला उगाच कशाला त्रास, आर्डिसबाई."

बाई हसल्या. कॉफीचा एक घोट घेतला. तिसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं. माझा हात खिशातल्या कागदावर पोचला होता. आणि तेवढ्यात जिन्यावरून धाडधाड उतरत आला किप!

किप म्हणजे बाईंच्या भावाचा मुलगा. लहानपणापासून दूर ॲरिझोनाच्या वाळवंटात वाढलेला. बाईंचा कंबरेचा त्रास वाढला म्हणून त्यांचे व्यवहार बघायला आला होता. भर फेब्रुवारीत उन्हाने भाजलेलं तोंड घेऊन हा माणूस गावात हिंडायचा.

"आत्या, पुरे कर आता!" तो म्हणाला. "मी वरून ऐकलं सगळं. तो माणूस बिचारा दोनदा नाही म्हणाला. किती गळ घालशील?" मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "माफ करा हं. घ्यायचं नसेल तर नका घेऊ, काही संकोच नको. मी गिऱ्हाईक बघतो. आता तर याहून कितीतरी जास्त किंमत येईल!"

आर्डिसबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी वडीकडे बघितलं. तिसरा प्रश्न हवेतच राहिला आणि मला टोपी चढवून घरी यावं लागलं.

"दिलास?" मार्लिसने विचारलं.

"नाही."

"अरे, का?"

"तिसऱ्यांदा विचारलंच नाही त्यांनी."

"हं," ती म्हणाली. "मग कसा देणार तू." आमच्याच गावची ना ती! थोडा वेळ तिने भांडी पुसली, आणि मग एकदम फडकं खाली ठेवून म्हणाली, "पण व्हर्लिन, आपलं घर!"

आठवडा गेला नाही तोच आमच्या अंगणात बर्फात पाटी उभी राहिली: घर विकणे आहे. माझ्याच अंगणात! मी लगेच करार काढला. भाडेकरूला आधी कळवल्याशिवाय कुणाला घर दाखवायला आणायचं नाही, असं सातवं कलम होतं. ते मी किपला ठणकावून वाचून दाखवलं. किप म्हणाला, "बरोबर आहे तुमचं," आणि त्याने अगदी रीतसर कळवून गिऱ्हाईक आणलं. हक्क बजावल्याचं समाधान मला साधारण पाच मिनिटं पुरलं.

गिऱ्हाईक म्हणजे मिनियापोलिसचं तरुण जोडपं, दोघांचे कोट एकाच रंगाचे. आता दारात माणूस आला, बाहेर हाडं गोठवणारी थंडी. मार्लिसने काय करावं? कॉफी केली! रूबार्बच्या आंबट देठांचा केक कापला!

"आई गं, काय सुंदर स्वयंपाकघर आहे!" ती बाई म्हणाली.

"कसलं सुंदर," मार्लिस म्हणाली. कौतुक झालं की ते खोडून काढायचं, हेही आमच्याकडे ओघानेच आलं. "कपाटं वाकडीच आहेत. यानेच केलीत."

"हाताने केलेली? ऐकलंस का, हाताने केलेली कपाटं!"

"तळघरात पाणी येतं का हो?" नवऱ्याने मला विचारलं. मला वाटलं, आता हाणून पाडावं.

"येतं तर! बर्फ वितळला की येतं. छपराचंही काही खरं नाही."

"बघितलंस?" तो बायकोला म्हणाला. "शहरात कुणी सांगतं का इतकं खरं? अशा माणसांच्या हाताखालचं घर डोळे मिटून घ्यावं!"

आम्ही जेवढी नावं ठेवावी तेवढे ते खूश! जाताना त्यांनी दुसऱ्यांदा केक घेतला, तोही पहिल्याच वेळेला हो म्हणून. संध्याकाळी किपचा फोन आला. त्यांनी आपणहून किंमत वाढवली होती, आणि एक एप्रिलला ते सही करायला येणार होते. "तुमच्यासारखे भाडेकरू मिळायला नशीब लागतं!" असंही तो म्हणाला.

मग मात्र माझं धाबं दणाणलं. मी ऑरिन बेलँडकडे गेलो. हा आमच्या गावचा वकील, हार्डवेअरच्या दुकानावर त्याची कचेरी. त्याने करार वाचला, म्हणजे निदान वाचल्यासारखा चाळला.

"यात घाबरण्यासारखं काही नाही," तो म्हणाला. "तू 'नको' म्हणालास, त्याला कायद्यात काडीची किंमत नाही. हक्कासाठी तू पैसे मोजलेस, तो मुदतीपर्यंत तुझाच. कॉफी पिताना नको म्हटल्याने तो जात नाही. कागद तिच्या हातात पडला की घर तुझं. फक्त उशीर करू नकोस. तुझ्या नकारावर विसंबून बाईंनी दुसऱ्यांना सही दिली, तर तो गुंता सोडवता सोडवता आपण दोघं म्हातारे होऊ. तेव्हा जा नि दे."

"देतो रे, पण त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही. आणि न बोलावता परत गेलो तर मागायलाच आलो असं दिसेल."

ऑरिन मोठ्या विद्यापीठात शिकून आलेला. पण जन्म इथलाच. त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"असं होय," तो म्हणाला. "मग अवघड आहे."

"तेच म्हणतोय मी!"

"रजिस्टर पोस्टाने पाठवू या का?"

"समोरच्या घरात? पोस्टातली ती बाई संध्याकाळच्या आत गावभर करील की व्हर्लिनने आर्डिसला कोर्टात खेचलं म्हणून! मार्लिसला चर्चच्या महिला मंडळात तोंड दाखवता येणार नाही."

"तेही खरंच," ऑरिन म्हणाला आणि खिडकीतून बाहेर बघत बसला. सल्ल्याचे पैसे मात्र त्याने पहिल्याच वेळेला घेतले.

शेवटी तोड काढली ती मार्लिसने. नाताळात आर्डिसबाईंनी वड्यांचा ट्रे पाठवला होता, तो आमच्याकडेच होता. रिकामं भांडं परत करायचं नाही, हे तर तुमच्याकडेही असेलच. मार्लिसने चॉकलेटच्या वड्या केल्या, त्यावर मेणकागदात गुंडाळलेली नोटीस ठेवली, आणि वरून चकचकीत फॉइल लावलं. फॉइल उचललं की आधी नोटीस, मग वडी! मागणं नाही, बोलणं नाही, आणि कागद बाईंच्या हातात. मला माझ्या बायकोचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी मी ट्रे घेऊन गेलो. "अरे, कशाला," बाई म्हणाल्या. मग "उगाच त्रास घेतलास," म्हणाल्या. मी तिसऱ्यांदा आग्रह केला आणि त्यांनी घेतला. घरी येऊन मी पडद्याआड खुर्ची टाकली. संध्याकाळ झाली. समोरून कुणी आलं नाही. फोन नाही. दुसरा दिवस उजाडला, म्हणजे शेवटचा दिवस, तरी काही नाही.

साडेनऊच्या सुमाराला समोरचं दार उघडलं. आर्डिसबाई काळा कोट घालून बाहेर आल्या. हातात ट्रे. फॉइल जसंच्या तसं!

"मार्लिस!" मी ओरडलो. "त्यांनी उघडलंच नाही! कुठे निघाल्या त्या?"

"हेल्मर स्टेनरुडचं आज दफन आहे ना," मार्लिस म्हणाली, आणि तिचा चेहराच उतरला. "चर्चमध्ये जेवण आहे. प्रत्येकीने एक ट्रे न्यायचाय."

आमच्याकडे मयताच्या जेवणाला ट्रे मागितला की बायका घरात जो तयार असेल तो उचलतात. माझी नोटीस हेल्मरच्या जेवणाला निघाली होती!

हेल्मर म्हणजे गावाबाहेर एकटा राहणारा म्हातारा. आयुष्यात फार बोलला नाही, कुणाला त्रास दिला नाही. त्याच्या प्रार्थनेत माझं लक्ष नव्हतं, त्याबद्दल देव मला क्षमा करो. शेवटचं भजन संपल्यावर मी शवपेटीच्याही आधी बाहेर पडणार होतो, मार्लिसने कोट धरून ठेवला म्हणून थांबलो. दफन उरकून सगळे चर्चच्या तळघरात आले. लांबलचक टेबलावर ट्रेच ट्रे! सगळे सारखे. जिचा ट्रे तिचं नाव बुडाला चिकटपट्टीवर लिहिलेलं. म्हणजे उचलून खालून बघितल्याशिवाय कळणार नाही. मी पहिला ट्रे उचलला.

"भूक लागली का रे व्हर्लिन?" चर्चचं स्वयंपाकघर हेझेलबाईंच्या ताब्यात. त्यांच्या नजरेतून माशी सुटत नाही. "घे ना एक वडी."

"नको, हेझेलबाई."

"अरे घे."

"उगाच कशाला..."

"घे म्हणते ना!"

"बरं, आता तुम्ही इतकं म्हणताय तर."

दुसरा ट्रे उचलला. परत तेच! खजुराची वडी, खोबऱ्याची वडी, भोपळ्याची वडी, कसली ते हेझेललाच माहीत अशी एक हिरवी वडी. आर्डिसबाईंच्या ट्रेपाशी पोचेपर्यंत माझ्या पोटाचा नगारा झाला होता. आणि ट्रे अर्धा संपलेला! कागद गायब!

"हेझेलबाई, यात एक कागद होता..."

"तो होय? तो मी पास्टरना दिला," हेझेलबाई म्हणाल्या. "मी म्हटलं, हेल्मरबद्दल कुणीतरी चार शब्द लिहून आणलेत आणि द्यायला लाजतंय. दरवेळी कुणीतरी असतंच तसं."

तिकडे पास्टरनी कपावर चमचा वाजवला.

"आपल्यातल्या एका भिडस्त माणसाने हेल्मरसाठी काही लिहून आणलंय," पास्टर म्हणाले. "मी आधी वाचलेलं नाही. आपण मिळूनच ऐकू या." त्यांनी मेणकागद सोडला, चष्मा सारखा केला. "'मी, खाली सही करणारा, आपणांस कळवू इच्छितो की, सदर घर, तळघर, गॅरेज व आवारासह, ठरलेल्या किमतीस विकत घेण्याचा माझा हक्क मी याद्वारे बजावत आहे.'"

मागच्या बाकावरचा एक म्हातारा हळूच म्हणाला, "हेल्मरला घर घ्यायचं होतं? बिचारा! कधी बोलला नाही." त्याच्या शेजारणीने डोळ्याला रुमाल लावला.

"'आपला, व्हर्लिन टॉलफ्सरुड,'" पास्टरनी वाचलं, आणि मान वर केली.

सगळं तळघर माझ्याकडे वळलं. माझ्या तोंडात हिरवी वडी होती. ती गिळवत नव्हती आणि थुंकताही येत नव्हती. आर्डिसबाई काठी टेकत पास्टरांपर्यंत गेल्या, त्यांनी हात पुढे केला आणि पास्टरांनी कागद त्यांना दिला.

"हे चालायचं नाही!" किप उठला. "हा माणूस माझ्यासमोर दोनदा नाही म्हणालाय! उद्या गिऱ्हाईक येतंय सही करायला!"

"तो काय म्हणाला त्याला अर्थ नाही," कोपऱ्यातून आवाज आला. ऑरिन होता, हातात ताटली. "तुम्ही उद्याची गोष्ट करताय, आणि मुदत आजची आहे. नोटीस लेखी आहे, भाडेकरूच्या वतीने कुणीतरी दिली आहे, मालकिणीच्या हातात पडली आहे. सगळं गाव साक्षीला आहे. एवढी पक्की नोटीस मी माझ्या आयुष्यात बघितली नाही."

"आत्या, तू तरी बोल ना काहीतरी!"

"बोलते. तू आधी खाली बस," आर्डिसबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "फेब्रुवारीपासून मी रोज कॉफी टाकून बसतेय, व्हर्लिन. म्हटलं, हा येईल, म्हणजे मला तिसऱ्यांदा विचारता येईल. तू आलासच नाहीस!"

"काल मी दारात आलो होतो की!" मी वडीतून बोललो.

"दारात? दारात उभ्याउभ्या विचारू? घर तुझ्या गळ्यात मारतेय असं नसतं का वाटलं?" त्यांनी कागदाची घडी घातली. "आता विचारते. घर घेताय का?"

मी घास गिळायची खटपट करत होतो. "आता तुम्ही इतकं म्हणताय तर" हे शब्द अगदी तयार होते. पण माझ्या आधी शेजारून कुणीतरी ओरडलं.

"हो! हो, घेतो! आम्हाला हवंय ते घर!"

मार्लिस! चर्चच्या तळघरात, मयताच्या जेवणाला, सगळ्या गावादेखत, एकदाही नको न म्हणता! हेझेलबाईंच्या हातातला डाव खाली पडला. मार्लिस रडत होती, हसत होती आणि माझा दंड असा आवळत होती की तो पुढे आठवडाभर दुखला. माझेही डोळे भरून आले. ते मी हिरव्या वडीवर ढकललं.

एप्रिलच्या सुरुवातीला कागदपत्रं झाली. किप ॲरिझोनाला गेला. त्या शहरी जोडप्याने कुठे दुसरं घर बघितलं ते आम्हाला कळलं नाही, मार्लिसने मात्र त्यांना केकची कृती पाठवली.

मग बर्फ वितळला आणि एके सकाळी स्वयंपाकघराच्या छतातून पाणी टपकायला लागलं. थेट माझ्या कपाटांवर! माझं डोकंच फिरलं. मी करार काढला, नववं कलम शोधलं आणि तडक समोर गेलो. आर्डिसबाईंनी कॉफी दिली. मी त्यांना कलम खणखणीत आवाजात वाचून दाखवलं: छपराची दुरुस्ती मालकाने स्वखर्चाने आणि विनाविलंब करायची, त्यात भाडेकरूवर काही भार नाही!

बाईंनी शेवटपर्यंत नीट ऐकून घेतलं.

"अगदी बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या. "छप्पर मालकानेच करायचं. जा नि सांग त्याला."

"कुणाला?"

त्यांनी खिडकीतून माझ्या घराकडे बघितलं.

"मालकाला रे. पण लगेच करील असं वाटत नाही. मी ऐकलंय, माणूस जरा चिकट आहे."

मी घरी आलो आणि कपाटावर बादली ठेवली.